खोत मिस्त्री, रंधा मशीन आणि आमचा न मिटलेला वाद

श्री. मारुतीराव खोत यांचं पहिलं दर्शन मला घडलं ते पाठमोरं. लग्न होऊन पंधरवडाही झाला नव्हता. माझे सासरे अण्णा मगदूम मला आमचा कारखाना दाखवायला घेऊन गेले होते. आत एक गृहस्थ लाकूड तासायच्या रंधा मशीनपुढे गुडघे टेकून, गाल लोखंडाला लावून, एक डोळा मिटून बसले होते. अण्णांनी हाक मारली, "मिस्त्री, सूनबाई आल्यात." मान न वळवता उत्तर आलं, "बसा म्हणावं जरा. उजेड दिसतोय अजून."

भर दुपारी उजेड दिसणार नाही तर काय दिसणार? माणूस विक्षिप्त आहे, अशी मी मनाशी नोंद केली. मशीनची दोन टेबलं एका पातळीत आहेत का, हे ते बघत होते, हे मला नंतर कळलं. दोन्हींवर मिळून एक सरळ पोलादी पट्टी ठेवायची आणि पलीकडे बॅटरी धरायची. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली तर काम बाकी आहे. ती रेघ नाहीशी झाल्यावर मिस्त्री उठले, हात पुसले आणि इतक्या अदबीनं नमस्कार केला की मलाच संकोच वाटला.

आमचा धंदा पॅटर्नचा. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि त्यासाठी हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो नमुना आम्ही करून देतो. मोठ्या नमुन्याला फळ्या कडेला कड चिकटवून जोडतात. ती कड काटकोनात रंधली गेली नाही, तर जोडलेलं लाकूड सपाट न राहता पन्हळीसारखं वाकतं, आणि लाकडातली खोट पुढे लोखंडात उतरते. कड काढायचं काम रंधा मशीनचं आणि त्या मशीनला वळणावर ठेवायचं काम मिस्त्रींचं.

आज पंचाहत्तरीतही मिस्त्रींची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. आमच्या धंद्यातल्या लोकांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पाती बसवायची असली की ते आधी फ्यूज काढतात आणि तो स्वतःच्या खिशात टाकतात. एका शनिवारी ते तसेच फ्यूज खिशात घेऊन एस.टी.नं गारगोटीकडच्या आपल्या गावी गेले. सोमवारी सकाळी सगळा कारखाना हात बांधून उभा. मिस्त्री आले, प्रत्येकापुढे जाऊन "माफी करा" म्हणाले. कुणीतरी सुचवलं की यापुढे फ्यूज टेबलावर ठेवत जा. त्यावर त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यांच्या चांगुलपणाचा मला एकदा फार राग आला होता, तेही सांगते. गडहिंग्लजच्या एका पॅटर्नवाल्यानं आमचं जुनं गिऱ्हाईक फोडलं होतं. पुढे त्याचं रंधा मशीन वाकडं कापू लागलं, तेव्हा मिस्त्री सुट्टीच्या दिवशी जाऊन ते लावून आले. मी तणतणले. मिस्त्री म्हणाले, "वैनी, भांडान तुमचं त्याच्यासंगं हाय. मशीननं कुणाचं काय केलंय?" मी चहा मागवला.

आता मुख्य गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझा हा लेख पुरा होणार नाही.

अण्णांचे गुडघे गेले आणि कारखाना बंद करायच्या गोष्टी घरात सुरू झाल्या. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, लाकडातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी म्हटलं, मला एक संधी द्या. अण्णा म्हणाले, "एका मोठ्या मशीनच्या खालच्या बेडचा पॅटर्न आलाय. दिवाळीआधी द्यायचाय. तो फौंड्रीनं घेतला तर कारखाना तुझा. परत आला तर कुलूप लावू." कुलूप म्हणजे मिस्त्रींसकट सहा जणांच्या घरी कुलूप. मला रात्रंदिवस तेच दिसत होतं.

मधेच खंडेनवमी आली. माझ्या हातची पहिलीच पूजा, त्यामुळे उत्साह उतू जात होता. सगळ्यांनी मशीन लखलखीत पुसलं. नैवेद्याचं मोठं ताट टेबलावर मावेना, म्हणून मी गाईडचा नट सैल केला. फळीला कडेनं टेकायला जी उभी लोखंडी भिंत असते, ती गाईड. ती मागे सारली, ताट ठेवलं, ओंजळभर अक्षता वाहिल्या. आवराआवरीत गाईड मीच पुन्हा पुढे ओढून नट आवळला. कुणाला सांगायचं सुचलंही नाही.

दसरा झाल्यावर कामाला सुरुवात झाली आणि सांधे बसेनात. दोन फळ्या एकमेकींवर उभ्या धरल्या की एका अंगाला फट. मिस्त्रींनी पाती तपासली. सरळ लाकडी काठी मागच्या टेबलावर ठेवून पात्याचा रूळ हातानं फिरवला; प्रत्येक पातं काठीला दोन्ही टोकांशी सारखंच पुढे सरकवत होतं, म्हणजे पाती ठीक. टेबलं तपासली, उजेड नाही. गाईडला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावला, काटकोन बरोबर. पुन्हा फळी घातली, पुन्हा फट. दोन दिवस असे गेले. चिकटवलेले तीन सांधे फोडावे लागले. तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतः काठी टेकत येणार असल्याचा निरोप आला.

त्या सकाळी मी मिस्त्रींपुढे रडकुंडीला येऊन विचारलं, "मी गाईड हलवली होती, त्यानं काही झालं असेल का हो?"

मिस्त्री तडक मशीनपाशी गेले. मग गुण्या उचलून त्यांनी गाईडच्या पुढच्या टोकाला न लावता अगदी पात्याजवळ लावला. केसभर फट. गाईड उचलली, तर तिच्या बैठकीखाली एका कोपऱ्यात कुंकवानं लाल झालेला, दाबून चपटा झालेला अक्षतेचा अर्धा दाणा! त्या दाण्यानं गाईडला पीळ पडला होता; पुढे ती सरळ आणि नेमकी पात्यापाशी कललेली.

मी हसू की रडू अशा अवस्थेत होते तोच अण्णा दारात आले. "काय झालंतं?" मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "गाईडखाली घाण अडकलीती. चूक माझी." अण्णांनी त्यांना सगळ्यांदेखत फाडफाड बोलून घेतलं. माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि मी गप्प उभी राहिले. कारखाना हातातून जाईल या भीतीनं गप्प राहिले, हे आज मान्य करते.

अण्णा गेल्यावर मिस्त्रींनी तो विषय काढलाच नाही. माझ्या हातात पाना आणि गुण्या दिला. "आता तुमी लावा गाईड. मी बघतोय." चार वेळा चुकले, पाचव्यांदा जमलं. पहिली फळी मीच घातली. सांधा इतका मिटला की रेघ शोधावी लागली, आणि मी कारखान्यात चक्क टाळ्या वाजवल्या. पॅटर्न वेळेत गेला, फौंड्रीनं घेतला. कारखाना आजही चालू आहे आणि मशीन लावायला मला आता कुणी लागत नाही.

इतकी वर्षं मी हे मिस्त्रींचे थोर उपकार म्हणून मनात जपलं. मिस्त्रींच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख लिहायला घेतला तेव्हा आधी अण्णांना खरं सांगितलं. नव्वदीतले अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग मिस्त्रींच्या घरी जाऊन लेख वाचून दाखवला. "माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली" या वाक्याला त्यांनी मला थांबवलं.

"हे खोटं लिवलंय तुमी."

"खोटं कसं? गाईड मी हलवली."

"हलवनार की. नवीन मानूस हलवनारच. पर गुण्या पात्यापाशी लावायचा सोडून दोन दिस म्होरंच कुनी लावला? मीच न्हवं? अण्णांस्नी खरं तेच सांगितलं मी. त्यात कसलं उपकार?"

तासभर वाद घातला. खोतकाकूंनी दोनदा चहा केला. मिस्त्री एक इंच हलले नाहीत. वाक्य खोडायला लावतील म्हणून मी कागद पदराखाली धरून घरी आणला आणि वाक्य जसं होतं तसं ठेवून, फक्त हा वाद खाली जोडून, लेख छापायला दिला. म्हणजे हे वाचल्यावर ते पुन्हा भांडायला येणार.

मिस्त्री, अवश्य या. हे भांडण आपल्याला पुढची पंचवीस वर्षं पुरवायचं आहे. तुमची नजर आणि बोटं अशीच शाबूत राहोत, पायात बळ राहो, आणि दर वर्षी येऊन तुम्हीच जिंकून जा.