हर्सूलच्या घरावर नाव कुणाचं

घर मपल्या नावावर घ्यायचं असं पोरानं ठरवलं, तवा मी म्हणलं, मला काय करायचंय आता नाव? तो म्हणला, "आई, बाईच्या नावावर घेतलं की सरकार रजिस्ट्रीत सूट देतं." सूट म्हणलं की मी गप बसते.

शहरातल्या छावणी भागात आमी एका खोलीत तीस-पस्तीस वर्षं भाड्यानं काढली. नवरा गेला तवा पोरगं शाळंत व्हतं. मी खानावळीत भांडी घासायची. सकाळी पाचला जायचं, दुपार कलल्यावर यायचं. पोरगं शाळंतून आलं की शेजारच्या आपाकडं जेवायचं. आपा बुरखे शिवायची, तीपण मपल्यासारखीच एकटी. पोरगं तिला खाला म्हणायचं, अजून म्हणतं. तिला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक उघडं हाय का बंद, एवढं ती बघायची. बंद दिसलं की पाठीत धपाटा.

पुढं पोरगं चितेगावला कंपनीत लागलं, आधी ठेक्यावर, मग पक्कं. आधी गाडीचं कर्ज फेडलं, मग लग्नाचं. ते फिटलं त्या महिन्यापासून तेवढाच हप्ता बँकेत बाजूला टाकायला लागला. म्हणायचा, "आई, हप्ता भरायची सवय मोडू नाय द्यायची." मी भिशी लावली. सुनंनं तीन वर्षं माहेरची लग्नं जुन्याच साड्यांवर काढली अन् कुणाला कळू दिलं नाय.

असं करत हर्सूलला दोन खोल्यांचं घर बघितलं. बयाना दिला. महिन्याभरात बँकेचं कर्ज करून रजिस्ट्री करायची, नायतर बयाना बुडाला, असं ठरलं. अन् बँकेत मपलं नाव कॉम्प्युटरात टाकलं तवा काम अडलं.

"आजी," साहेब म्हणला, "तुमच्या नावावर जुनं कर्ज थकलंय."

पोरगं मपल्याकडं बघायला लागलं. मी कॉम्प्युटरकडं बघत बसले. मला कळलं व्हतं कोणतं ते.

सात-आठ वर्षाखाली आमच्या गल्लीत बायांचा गट व्हता. दहा बाया एकीमेकीची हमी घ्यायच्या, अन् कर्जाच्या कंपनीचा माणूस दर मंगळवारी हप्ता न्यायला यायचा. आपाच्या पोरीचं बाळंतपण आलं. आपाचं एक कर्ज चालूच व्हतं, दुसरं मिळंना. मी मपल्या नावावर काढून दिलं. असं सगळ्याच करायच्या, त्यात काय वाईट वाटायचं नाय. आपानं एक मंगळवार चुकवला नाय. मग लॉकडाऊन लागलं अन् तो माणूस यायचा बंद झाला. आठच हप्ते राहिले व्हते. गल्लीत कुणीतरी म्हणलं, गटाची सगळी कर्जं माफ झाली. आमी दोघींनी खरं मानलं. आपानं तर त्या दिवशी शीरखुर्मा केला, ईद नसताना.

माफ-बिफ काय नव्हतं. व्याज अन् दंड चढत बसला व्हता.

बँकेच्या पायरीवर पोरानं विचारलं, "कुणासाठी काढलं व्हतं?" गटातली एक बाई व्हती एवढंच म्हणलं, नाव घेतलं नाय. खालाबद्दल त्याच्या तोंडून एखादा वाकडा शब्द गेला असता, तो मला ऐकायचा नव्हता.

साहेबानं वाट दाखवली व्हती: आजीचं नाव काढा, सूनबाईचं टाका, सूट तेवढीच भेटंल. मी लगेच व्हय म्हणलं. सून अडून बसली. "आत्याबाईनी जन्मभर भांडी घासायची अन् कागद मपल्या नावावर? मी सही करणार नाय."

"टाक गं," मी म्हणलं, "राहायला तर भेटंल ना मला?"

वरवर म्हणलं. पण रेशन कार्ड सोडलं तर मपलं नाव असलेला कागद घरात कधी आला नव्हता. हातात येता येता चाललेला बघून आत तुटलं. बोलून काय व्हतंय, म्हणून पीठ मळायला बसले.

पोरगं रागारागात कुठं गेलं, तर खालाकडं. "खाला, तुमीच समजवा आईला. कुण्या बाईला कर्ज काढून दिलं, अन् ती बाई बसलीय मजेत." खाला तवा बटाटे सोलत बसली व्हती म्हणं.

ती तशीच आली, हातात सुरी.

"मेरेकू नइ बोली? मैं मर गई थी क्या?"

"तुला कशाला सांगायचं? तुझी साखर वाढती."

"साखर गई चूल्हे में. कल चप्पल पहनके तयार रह."

भिशीत तिचा नंबर शेवटचा व्हता. बायांशी भांडून तिनं तो त्याच संध्याकाळी घेतला. दुसऱ्या दिवशी आमी दोघी रिक्षानं त्या कंपनीच्या हापिसात. तिथला साहेब भला व्हता. म्हणला, "आजी, निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकतो." मला बरं वाटलं.

आपानं विचारलं, "उसके बाद इसका नाम साफ?"

"कर्ज बंद होईल. पण सेटलमेंट केलं, असं दिसत राहील."

"मतलब दाग रहेगा."

साहेबानं मान डोलावली.

मी तिचा पदर वढला. "आपा, निम्म्यात भागतंय. घर सुनंच्या नावावर करू, काय बिघडतं?"

"तू चुप बैठ," म्हणली, अन् सगळे पैसे टेबलावर ठेवले. "पूरा ले, भाई. और पूरा भरा करके लिखके दे."

बँकेत तो कागद दिला. नाव साफ व्हायला तरी महिना खाल्ला. घर विकणाऱ्याच्या हातापाया पडून पोरानं पंधरा दिवस वाढवून घेतले. त्यातच त्यानं विचारलं, पैसे भरले कुणी? आपानंच सांगितलं, "मैंइच थी वो, मजे में बैठी सो." पोराची मान खाली. ती म्हणली, "अब मुंडी मत डाल. खाना खाके जा."

रजिस्ट्रीला ती आली, तिथं तिचं काय काम नसताना. मशीन मपलं बोट घेईना. भांडी घासून रेघा झिजल्या. एक बोट झालं, दुसरं झालं, मागं लोक कुरकुरायला लागले. आपा म्हणली, "सर का तेल लगा उंगली कू." तेल लावून दाबलं, तवा घेतलं एकदाचं.

कॉम्प्युटरवर नाव आलं. आपानं विचारलं, "क्या लिखा?"

मी चौथीपर्यंत शिकलेली. एक एक अक्षर लावत तिला मपलं नाव वाचून दाखवलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

"हौ," ती म्हणली, "बराबर है. अब चल, मेरे पाँव दुख रे."