कूलरपुढचा डबा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आईचा एक डोळा लहानपणी देवीत गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. उन्हाळ्यात डोळा कापू नये, असं सगळे म्हणत. पण तिला ताटातली भाजीही दिसेना, म्हणून मे महिन्यातच ऑपरेशन ठरलं. मिस्टर कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला, त्यांना सुट्टी मिळाली नाही. आईजवळ मीच. तेव्हा मी परक्या माणसाशी मान वर करून बोलत नसे.

औषधं आपणच आणायची होती. डोळ्यात पू होऊ नये म्हणून ऑपरेशन झाल्याबरोबर द्यायचं इंजेक्शन मी आदल्या दिवशी जरीपटक्यातल्या दुकानातून घेतलं. काचेची छोटी शीशी, आत पूड, वर रबराचं बूच आणि त्यावर पत्र्याची टोपी. घरखर्चातले बरेच पैसे त्यात गेले.

सकाळी डॉक्टरांनी शीशी उजेडात धरून आडवी केली. पूड हललीच नाही. पिवळसर ढेकूळ होऊन काचेला चिकटली होती.

"ताई, ही पांढरी आणि मिठासारखी सुटी पाहिजे. हिच्यात ओल गेली आहे."

"पण सील तर..."

त्यांनी टोपीच्या भोकातून रबर दाखवलं. उष्णतेनं कडक होऊन ते तडकलं होतं. "हे टोचलं असतं तर आहे तो डोळाही जायचा. दुपारच्या आत दुसरी आणा, नाही तर आज ऑपरेशन नाही."

ती शीशी घेऊन तशीच रिक्षानं दुकानात गेले.

"सीलबंद माल आहे, बाई," दुकानदार म्हणाला, "मी का आत पाणी टाकलं?" त्यानं डब्यातून दुसरी शीशी दिली. मी डॉक्टरांसारखी आडवी केली. तीही चिकटलेली.

डबा कूलरच्या अगदी तोंडापुढे होता. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताटीतून येणारा ओला वारा थेट त्याच्यावर. आणि कूलर बंद झाला की वर तापलेला पत्रा.

"कूलरपुढे फ्रीजपेक्षा थंड राहते," तो अभिमानानं म्हणाला. त्यानं गिऱ्हाइकाला सरबताची बाटली द्यायला फ्रीज उघडला. आत बाटल्या आणि आमरसाचं पातेलं. मी बघतच राहिले. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं!

भांडायला वेळ नव्हता आणि तोंडही नव्हतं. जवळ उरलेल्या पैशांत दवाखान्यापाशी दुसऱ्या दुकानातून शीशी घेतली. ती आडवी केली तेव्हा पूड सरसर वाहिली आणि मला रस्त्यातच रडू आलं.

पट्टी निघाली तेव्हा आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून वं, इतकी वाळली?"

घरी जाताना माझ्याकडून सगळी हकिगत ऐकून तिनं रिक्षा त्या दुकानापुढे थांबवली.

"काहून गा, तुया आमरस फ्रीजमंदी अन् माया डोळ्याचं औषध पत्र्याखाली?"

तो हसला. "चला आजी, अर्धे पैसे घ्या." नोटा देऊन त्यानं माझ्याकडची खराब शीशी घेतली, टॉवेलनं पुसली आणि परत त्याच डब्यात ठेवली.

माझाच आवाज मला ऐकू आला, "ती नका ठेवू तिथं! कोणाचा तरी डोळा जाईल!"

दुकानातली माणसं वळून बघू लागली.

"ऐकलं का बाप्पा?" आई म्हणाली. "पोरगी माही कधी बोलत नाई."

त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. डबा उचलून मागच्या कचऱ्याच्या पिंपात पालथा केला. काचा फुटल्याचा आवाज आला. मग गल्ला उघडून उरलेले अर्धे पैसेही माझ्या हातावर ठेवले. आईनं नोटा नव्या डोळ्यापुढे धरल्या.

"पुरे हायेत," ती म्हणाली.