पडद्यावरचं वाळवंट

"श्वास घ्या, पण दाखवू नका." फोटो काढण्याआधी फोटोवाले चाचा हे सांगायचेच. लग्नानंतर आम्ही दोघं अकोल्यातल्या त्यांच्या स्टुडिओत गेलो, तेव्हा मी इतकी ताठ बसले की म्हणाले, "भाबी, फोटो काढून राहिलो, ऑपरेशन नाई!"

मागे पडदा असायचा. कॅलेंडरवरून चाचांनीच रंगवलेला. वाळूच्या टेकड्या, डावीकडून आलेलं सकाळचं ऊन, एक उंट. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे संसार वाळवंटातच सुरू झाले म्हणा ना! चाचांनी स्वतः मात्र वाळू पाहिली ती मोर्णा नदीतली. "एक बार खरी टेकडी सकाळच्या उजेडात काढीन, मोठी करून इथं लावीन, मंग हा परदा उतरवीन," असं ते म्हणायचे. म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

मग अमरावतीहून जैसलमेरची सहल निघाली. माझी बहीण अमरावतीची. तिने माझं नाव घातलं, मी चाचांचं.

पहाटे आम्ही टेकड्यांवर पोचलो. सूर्य नुकता वर आलेला. टेकडीची एक बाजू सोन्यासारखी, दुसरी अजून काळोखात, आणि मधे सुरीच्या पात्यासारखी धार. एकाही पावलाचा ठसा नाही. चाचांनी कॅमेरा डोळ्याला लावला, इतक्यात एक नवं जोडपं पुढे आलं. मुलाने मोबाइल पुढे केला. "अंकल, एक फोटो?"

मी पुटपुटले, "नाही म्हणा ना, चाचा!"

चाचांनी आपला कॅमेरा गळ्यात सोडला. "हनुवटी खाली. श्वास घ्या, पण दाखवू नका." मुलीची ओढणी उडत होती, वारा पडेपर्यंत थांबले. फोटो झाला, तोवर ऊन वर चढलं, टेकडी सपाट दिसायला लागली, माणसांनी तुडवलीसुद्धा.

"काहून हो चाचा? याच्यासाठीच आले होते ना?"

भिंग पुसत म्हणाले, "माणूस समोर उभं राह्यलं की माह्यानं नाई म्हननं होत नाई, भाबी. अन् परदा तर पाहा, खुद खुदानं टांगला होता!"

दुसऱ्या दिवशी पहाटेच परतीची गाडी होती. स्टुडिओतला पडदा शेवटपर्यंत उतरला नाही.

यंदाच्या थंडीत चाचा गेले. त्या जोडप्याचं नावगाव आम्ही विचारलंच नव्हतं. चाचांनी काढलेला सगळ्यात चांगला फोटो कुठल्यातरी मोबाइलमध्ये पडून असेल. मी तो पाहिलेला नाही. पण दोघांच्या हनुवट्या खाली आहेत, हे मी पैजेवर सांगते.