देवरावांचं लाल फडकं

हिवरखेडचे देवराव म्हणजे काळजीचं गाठोडं. घराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघणार, आणि एसटीत बसल्यावर बायकोला, गोदाबाईला, विचारणार, "कुलूप लावलं व्हतं ना वं?" श्वास संपायच्या आत निर्णय घ्यावा लागतो असा कबड्डीचा खेळ अशा माणसाने पोरींना शिकवायला का घ्यावा, हे गावाला कधी उलगडलं नाही. पण शेतातून आले की संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्यांची शिट्टी वाजायचीच. त्याच पोरी आज अकोल्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला उभ्या होत्या. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. देवरावांची लेक दामिनी पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती, त्यामुळे तिला राज्याचं मैदान दिसायचं तर याच वर्षी.

त्यात आयोजक ओमप्रकाशशेठ यांनी एक नवीन भानगड आणली होती. शेठ मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले होते. तिथला फुटबॉल पाहून आले होते, म्हणजे नावाला फुटबॉल, खेळतात हातात चेंडू घेऊन. आदल्या संध्याकाळी सगळ्या कोचांना बसवून त्यांनी समजावलं होतं. पंचाचा निर्णय पटला नाही तर कोचने मैदानात लाल फडकं फेकायचं, मग पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा दाखवणार. कोच खरा ठरला तर निर्णय फिरतो, चुकला तर त्याचा टाइमआउट गेला. आणि फडकं मिळणार सामन्याला एकच.

"अन् तिकडं कोच एकटा नसते बरं," शेठ म्हणाले होते. "वर माडीवर त्याची मानसं बसते. तेच कानात सांगते, फेक नाहीतर नको फेकू."

बाकीचे कोच हसले होते, देवरावांची मात्र झोप उडाली. शिट्टी फुंकणं वेगळं आणि हे वेगळं. फडकं लवकर फेकावं तर शेवटी हात रिकामे, जपून ठेवावं तर तसंच घरी न्यायचं. एका गुणासाठी टाइमआउट पणाला लावावा का? आणि खाली बसलेल्या माणसाला रेषेवरचा पाय दिसणार कसा? त्यांनी हे सगळं जेवताना गोदाबाईला ऐकवलं, दोनदा.

"मी बसतो ना वर गॅलरीत," गोदाबाई म्हणाली. "पदर डोक्यावर घेतला तं फेका. खांद्यावर असला तं गप बसा."

मैदानाजवळ मोबाईलला बंदी होती, म्हणून ही खूण सोयीची. घरी थोरले दीर किसनराव ओसरीवर आले की गोदाबाईचा पदर आपोआप डोक्यावर जायचा. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यापुढे एक शब्द बोलली नव्हती, आणि तेही तिच्याशी सरळ बोलत नसत. पण किसनराव इथे कशाला येतील? दामिनी अर्ध्या चड्डीत खेळायला लागली त्या दिवसापासून त्यांनी कबड्डीचं नाव टाकलं होतं. काल पोरगी निघताना पाया पडली, तेव्हाही ते भिंतीकडे बघत बसले होते.

अंतिम सामना अमरावतीच्या संघाशी होता. देवरावांच्या तळहाताला असा घाम सुटला होता की मुठीतलं फडकं ओलं झालं. पूर्वार्धात कप्तान पौर्णिमाचा एक बोनस गुण पंचांनी नाकारला. पोरी ओरडल्या, "काका, फेका!" देवरावांनी वर पाहिलं. गोदाबाईचा पदर खांद्यावर होता. ते गप्प बसले, आणि बरंच झालं, कारण बोनसला मागचा पाय हवेत लागतो आणि आपला टेकलेलाच होता, हे पौर्णिमाने स्वतःच नंतर कबूल केलं. देवरावांना वाटलं, जमतंय आपल्याला. पण जमतंय असं वाटलं की त्यांना नेहमीच भीती वाटायची.

शेवटच्या दोन मिनिटांत हिवरखेड एका गुणाने मागे होतं. दामिनी चढाईला गेली, कोपऱ्यातल्या पोरीला हात लावला आणि वळून परतली. बरोबरी झाली म्हणून पोरींनी उड्या मारल्या. तेवढ्यात बाजूच्या पंचांनी हात वर केला. पाय रेषेबाहेर, दामिनी बाद. आता दोन गुणांची पिछाडी.

 शेवटचा टाइमआउट देवरावांनी याच घडीसाठी राखून ठेवला होता. अमरावतीच्या पोरी आता वेळ काढणार, त्यांना साखळी करून कसं पकडायचं ते पौर्णिमाला सांगायचं होतं, आणि खेळ चालू असताना बाहेरून ओरडायला मनाई होती. टाइमआउट वाचवावा की फडकं टाकावं? दामिनी त्यांच्याकडे बघत होती. तिलाच माहीत नव्हतं पाय कुठे पडला ते.

त्यांनी वर पाहिलं. पदर खांद्यावर होता. बरं, नाही फेकायचं. पंच शिट्टी तोंडात धरून थांबले होते. एकदा बघून देवरावांचं समाधान कधी झालंय? त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि गोदाबाईचा हात झर्रकन वर गेला. पदर डोक्यावर!

त्यांनी फडकं फेकलं. ते मॅटवर पडलं आणि मगच त्यांना गोदाबाईच्या मागे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, धाप लागलेले किसनराव दिसले.

गोदाबाई वरून दोन्ही हात हलवून नाही नाही करत होती. पण फेकलेलं फडकं परत घेता येत नाही. पडद्यावर दामिनीचा पाय आला, भलामोठा. तो रेषेच्या चांगला वीतभर बाहेर होता. अमरावतीच्या बाकावर हशा झाला. टाइमआउट गेला.

पुढचं देवरावांना धड बघवलं नाही. अमरावतीची पोरगी आरामात चढाई करून वेळ काढत होती. पौर्णिमा घाबरून एकटीच तिच्या अंगावर गेली, साखळीतल्या पोरी मागेच राहिल्या. आणखी एक गुण गेला आणि शेवटची शिट्टी वाजली. दामिनी बाकाशेजारी गुडघ्यात डोकं घालून बसली. तिच्या पाठीवर हात ठेवायचंही देवरावांना धाडस होईना.

किसनराव जिना उतरून तरातरा आले. मागोमाग गोदाबाई, पदर सावरत.

"काहून फेकलं बे तू थे फडकं?" किसनराव कडाडले. "मले जिन्यातून साफ दिसून राह्यलं व्हतं, पाय भाईर व्हता! पोरीचं समदं वाटोळं केलं तू!"

देवरावांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खरं सांगितलं असतं तर आपण सुटलो असतो, हे त्यांना कळत होतं.

"चुकलं माहं, दादा," ते म्हणाले.

"यायचं नाई चुकलं." नवऱ्याकडे हात करत गोदाबाई बोलली आणि स्वतःच दचकली, पण थांबली नाही. "चूक मायी हाये, दादाजी. पदर घेतला की फेकायचं, असं आमचं ठरलं व्हतं. तुमी आले, अन् माहा हात आपोआप गेला."

किसनरावांना समजायला जरा वेळ लागला. ते पडद्याकडे, गोदाबाईच्या डोक्यावरच्या पदराकडे आणि शेवटी दामिनीकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात, पण थेट गोदाबाईशी बोलले.

"पोरगी खेळून राह्यली व्हती. मंग पदर कायले घ्याचा?"

दामिनीने मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "हे तुमी काल घरी बोलाले पायजे होतं."

 किसनराव तिच्याशेजारी जमिनीवरच बसले, आणि पलीकडे अमरावतीच्या पोरी चषकासोबत फोटो काढत होत्या ते चौघेही बघत राहिले.