दिवस भरू दे, असं मी म्हणाले

ज्या माणसाच्या शब्दावर तुम्ही डोळे झाकून विसंबलात, त्यानंच तुम्हाला तोंडावर खोटं सांगितलं असेल, तर ते तुम्हाला कधी कळेल का?

वंदनाताईंना कळलं. रेखाला तर सगळंच ठाऊक होतं. पण मी स्वतःच्या तोंडानं हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. लिहायला बसले की तिसऱ्या ओळीवर पेन थांबायचं. आज थांबू देणार नाही.

मी पत्रकांवर वाढले. वडील शाळेत कारकून. जयंती जवळ आली की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, इतके पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच. पुढे मीच लिहू लागले — हुंड्यावर, बुवाबाजीवर, लसीकरणावर. पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावात लसीकरणाचं जे पत्रक दारोदार गेलं, ते माझं. वाटलं वंदनाताईंनी. त्या आमच्या गल्लीच्या आशाताई, घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका; माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या.

त्या पत्रकात एक ओळ मी मुद्दाम घातली होती. मूल ज्या दिवशी जन्मलं, त्या दिवसापासून त्याचं वय मोजा, मग ते कितव्याही महिन्यातलं असो. मुद्दाम का? कारण आमच्याकडे रीत उलटी. आठव्या महिन्याचं लेकरू आमच्याकडे जन्मूनही जन्मलेलं नसतं. पोटात राहिलं असतं तर ज्या दिवशी नऊ महिने भरले असते, तो दिवस उजाडेपर्यंत त्याला कापसात ठेवायचं, उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, परक्याचा हात लागू द्यायचा नाही. वय तिथून पुढे मोजायचं. दीड महिन्याची लस मग अडीच-तीन महिन्यांवर जाते. ही चूक आहे, हे मीच छापलं होतं.

आणि मग माझा मुलगा आठव्या महिन्यात झाला.

परभणीला काचेच्या पेटीत अठरा दिवस. घरी आणला तेव्हा त्याची मांडी माझ्या अंगठ्याएवढी. त्यात सुई? एक नाही, एका दिवशी तीन? लस का द्यायची ते मला पाठ होतं, पण ती मांडी समोर आली की पाठ केलेलं काही आठवेना. आई म्हणाली, दिवस भरू दे. मी वाद घातला नाही. मला ते ऐकायचंच होतं.

दीड महिना झाला. वंदनाताई दारात आल्या. “अंगनवाडीत चल माय, शिस्टर आल्यात. लेकराला टोपडं घाल, वारं हाय.” मी म्हणाले, लस परभणीला दिली, खासगी डॉक्टरांकडे. चिठ्ठी काढायला मी उगाच आत वळले, तर त्या हसल्या. “ऱ्हाऊ दे. तुजा कागद बगायचा म्हंजे मास्तरला पाढे इचारल्यावानी.” आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर? तरी खोटं ते खोटंच. पण थांबलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या रेखाला घेऊन आल्या. रेखा मागच्या गल्लीतली, तिची मुलगीही आठव्या महिन्याची. घरात सासू लस देऊ देत नव्हती. “मजं कोन ऐकायलंय? हिला तू सांग,” म्हणाल्या, आणि दुसऱ्या घराकडे गेल्या. मुद्दाम गेल्या, म्हणजे रेखा माझ्याशी मोकळं बोलेल.

रेखानं विचारलं, “ताई, तुमी दिली का? खरं सांगा, लय भ्याव वाटायलंय.”

तिनं खरं मागितलं, म्हणून मी खरं सांगितलं — असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. खरं हे होतं की मला भीतीत सोबत हवी होती. मी म्हणाले, मी पण दिली नाही. दिवस भरू दे. वर म्हणाले, कुणाला सांगू नको.

तिनं कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याभरानं त्या मुलीला खोकला धरला. खोकता खोकता निळी पडायची, श्वास परत यायचा नाही. डांग्या खोकला. परभणीला दाखल केलं. दीड महिन्याची लस दिली असती तर इतकं बहुधा झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात मी जीपनं परभणीला जाऊन माझ्या मुलाला सगळ्या सुया टोचून आणल्या. रेखाची मुलगी तिथेच, त्याच शहरात होती. मी तिला बघायला गेले नाही.

आणि रेखाचा नवरा माझ्या दारात आला. आशाबाईनं वेळेवर सांगितलं नाही, असा अर्ज करायचा होता. “ताई, तुमी लिवा. तुमचं लिवलेलं सायेब वाचतेत.” मी नाही म्हणू शकत होते. कारण विचारलं असतं, एवढंच ना? मी लिहिलं. गरिबांच्या लेकरांच्या जिवाशी चाललेला खेळ, असं लिहिलं. चांगलं उतरलं होतं. सही त्याची होती.

मुलगी वाचली, घरी आली. मग अंगणवाडीत चौकशी झाली. तालुक्याचे साहेब खुर्चीत, आम्ही बाया सतरंजीवर, रेखा मागे भिंतीला टेकून, मुलगी मांडीवर. वंदनाताई उभ्या राहिल्या. घाबरलेल्या नव्हत्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “ह्यांला इचारा. रेखाला मीच घेऊन गेले व्हते ह्यांच्याकडं, सुई दे म्हनून सांगाया.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, मला नीट आठवत नाही.

हाच माझा गुन्हा. रेखानं एकदा वर पाहिलं आणि मुलीच्या डोक्यावरचा टॉवेल सारखा करत बसली. बाहेर चपला घालताना वंदनाताई मला हळूच म्हणाल्या, “अर्ज तूच लिवला ना माय? भाषा वळकली मी.”

त्यांचं काम काढून घेतलं. आता त्या सोयाबीनच्या रानात रोजंदारीनं जातात. रस्त्यात भेटल्या की माझ्या मुलाच्या गालाला हात लावतात. मला हाक मारत नाहीत.

माझ्याच शब्दांनी माझा घात केला, असं लिहिणार होते. खोडलं. घात मी केला, आणि ज्यांनी मला वाचायच्या आधीच खरं मानलं त्यांचा केला. तालुक्याच्या कचेरीत काल मी दुसरा अर्ज दिला, सगळं घडलं तसं लिहून, या वेळी माझ्या सहीचा. त्यानं त्यांचं काम परत मिळेल का, ठाऊक नाही. माफी मी मागत नाही. ती मागायचीही माझी पायरी नाही.

तुम्हाला मात्र एक सांगते. तुमच्या घरात दिवस न भरता जन्मलेलं लेकरू असेल, तर त्याचं कार्ड काढा, जन्मतारखेपासून वय मोजा, आणि लसीकरणाचा जो दिवस आधी येईल त्याच दिवशी त्याला घेऊन सिस्टरकडे जा. तिला सांगा, मला भीती वाटते. एवढंच सांगा, आणि खरं सांगा.