पायांवरचं न्हाणं

कोहळा फुटला तेव्हा मी न्हाणीघरात एकटीच होते, आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती कोहळ्यासाठी नव्हती.

तो मी सरावासाठी आणला होता. लेक बाळंत होऊन दवाखान्यातून आमच्याकडे आली होती, बाळाची नाळ पडली होती, डॉक्टरीणबाईंनी "आता अंघोळ घाला" म्हणून सांगितलं होतं, आणि ती अंघोळ मी घालायची होती. पायांवर घेऊन, आमच्या घरांत पूर्वीपासून घालतात तशी. मला ती येत नव्हती. म्हणून बाजारातून बाळाएवढा कोहळा निवडून आणला, त्याला खोबरेल तेल चोपडलं, पाटावर बसून दोन्ही पाय लांब केले, त्याला नडग्यांवर ठेवलं आणि पालथा करायला गेले. तो कधी निसटला ते मला कळलंसुद्धा नाही. फरशीवर आपटून त्याच्या ठिकऱ्या झाल्या, बिया माझ्या पावलांवर उडाल्या. मी त्या ठिकऱ्यांकडे बघत बसले, आणि भर उन्हाळ्यात माझे दात वाजायला लागले.

आवाज ऐकून शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "बाळाची दृष्ट काढलीत का?" आमच्या तंजावुरात दृष्ट काढायला कोहळा फोडतात, पण दारात, न्हाणीघरात नव्हे. मी "होय" म्हणून टाकलं. नवऱ्यानं येऊन तुकडे गोळा केले, धुतले, आणि "दुपारी याचं डाळ-खोबरं घालून कूटू कर" म्हणाला. या माणसाला भीती वाटताना मी कधी पाहिलेलं नाही, भूक लागताना मात्र रोज पाहते.

हे सगळं मी देवनागरीत लिहिते आहे ते एका अर्थी लपूनच. राजवाड्याजवळच्या या गल्ल्यांत आमची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण देवनागरी वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके. माझी लेक घरात मराठी बोलते, त्यात तमिळ आणि इंग्रजी ढवळून. वाचायला मात्र तिला ती दोनच येतात. तेव्हा मी किती घाबरले होते ते इथे खुशाल लिहिता येतं. तिच्या हाती हा कागद लागला तरी तिला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

घरातल्यांची समजूत अशी की केस पांढरे झाले की बाईला सगळं आपोआप येतं. मी जन्मभर सरकारी कचेरीत काम केलं. माझी लेक तान्ही होती तेव्हा तिला न्हाऊ घालायला एक बाई यायची. आम्ही तिला आयाम्मा म्हणत असू. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तान्हेपणी तिच्या नडग्यांवर निजलेली आहेत. ती यायची तेव्हा मी आत साडी नेसत असे, कचेरीची वेळ झालेली असे, सासूबाई बाहेर पाणी विसणून देत. त्यामुळे ते न्हाणं मला पाठ आहे, पण नुसतं कानांनी. तेलाची चपचप, मग रडणं, मग तांब्यातून पडणारं पाणी, आणि या सगळ्यावर आयाम्माची अखंड लाडाची बडबड, "कण्णु, रासात्ती, झालं झालं, आता मान, आता पाठ, कोण रडतंय बाई एवढं?" शेवटी सांब्राणीचा, म्हणजे ऊदाचा, धूर दारातून आत यायचा आणि मी पर्स उचलून निघायचे. माझ्या हातांना त्यातलं काही ठाऊक नाही. याची मला लाज वाटत नाही. कचेरीला जाणारी बाई एका वेळी दोन ठिकाणी कशी असणार? लाज नव्हती, भीती होती.

आयाम्मा आता नाही. तिची मुलगी जुन्या बसस्टँडजवळच्या एका कापडाच्या दुकानात बिलं करते, म्हणून कोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. मला वाटलं, आईची विद्या मुलीकडे थोडीतरी उतरली असेल. तिला सांगितलं, बाई, रोज रिक्षानं घेऊन जाते आणि आणून सोडते, पण तू ये.

ती मोठ्यांदा हसली. "मला? अय्यो, मी माझ्या मुलांना बादलीत बसवून धुतलंय! अम्मानं मला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. म्हणायची, माझा जन्म ओल्या साडीत गेला, पावलं चिघळली, तू फॅनखाली बसून काम कर." आणि तिनं वर बोट केलं. डोक्यावर फॅन गरगरत होता. मी त्या फॅनकडे बघून मान हलवली. मी माझ्या लेकीला तेच सांगत आले होते, फक्त फॅनच्या जागी एसी म्हणत होते.

हल्लीच्या पोरांना काही येत नाही असं आमच्या वयाची माणसं संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणतात, तेव्हा मला त्यांची टाळकी सडकावीशी वाटतात. येत नाही, कारण आपणच त्यांना त्यातून सोडवलं, आणि सोडवताना केवढे खूष होतो आपण! पण राग वेगळा आणि न्हाणीघर वेगळं. दुकानातून परत येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की आता खरोखरच कोणी उरलेलं नाही, मी आहे.

घरी आल्यावर मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "ओल्या कपड्यानं पुसून काढू या की पाप्पाला," मी बाळाकडे बघत म्हटलं. "डॉक्टरीण पण तेही चालतं म्हणाली."

"नक्को अम्मा," लेक म्हणाली. "मज तसंच न्हाणिवलीस ना? हिज पण तसंच पाहिजे. व्हिडिओत पाहिले मी, कित्ती बेस असतं ते."

"तुज मी नाही न्हाणिवले. आयाम्मानं न्हाणिवलं."

"तू पाहिलीस ना पण?"

"नाही. ऐकले."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. तिचं पोट कापून बाळंतपण झालं होतं. हसताना तिनं पोट धरलं आणि "टाके दुखतात, हसवू नक्को" म्हणाली. वाकायचीही तिला मनाई होती, नाहीतर ती स्वतःच बसली असती. माझ्यासारखी भित्री नाही ती. आजीला नातीची अंघोळ येत नाही हे कोणी खरं मानत नाही, आणि मी ते खरं करून दाखवणं तर शक्यच नव्हतं.

न्हाणं ठरलं त्या सकाळी मी पाणी इतक्यांदा विसणलं की ते कोमट होऊन गार झालं आणि पुन्हा गरम करावं लागलं. पाटावर बसले. माझा डावा गुडघा सरळ होत नाही, तो नवऱ्यानं दाबून सरळ केला आणि तो बाहेर गेला. लेक दारात उभी होती, एका हातात फोन, खांद्यावर कोरडा टॉवेल. फोनमध्ये एक बाई स्वच्छ पांढऱ्या खोलीत एका बाहुलीला न्हाऊ घालत होती आणि इंग्रजीत समजावत होती. बाहुली अजिबात रडत नव्हती.

नातीला नडग्यांवर घेतलं, डोकं पावलांकडे. ती इतकी हलकी होती की मला धसकाच बसला. कोहळा निदान जड तरी होता. तेल लावलं. माझी बोटं तिच्या बरगड्यांवरून गेली आणि आत काहीतरी भराभरा उडत होतं, ते तिचं काळीज. मी मनात म्हटलं, देवा, लवकर संपव. ती रडायला लागली, आणि त्या रडण्यानं मला जरा बरं वाटलं, कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. चपचप, मग रडणं, मग पाणी. पुढची पायरी पाण्याची. मी तांब्या उचलला.

पाणी छातीवर पडायला हवं होतं. माझा हात हलला आणि ते तिच्या तोंडावर पडलं.

रडणं तुटलं. तोंड उघडंच होतं, सगळी जीभ दिसत होती, पण आवाज नाही. आयाम्माच्या न्हाण्यात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. रोज बंद दाराआडून ऐकलेल्या त्या सगळ्या आवाजांत ही जागाच नव्हती. बाळाचा चेहरा लाल झाला, मग ओठांच्या भोवती काळपट व्हायला लागला. आणि मी काहीच केलं नाही. उचलायला हवं होतं, मला ते कळत होतं, पण उचललं तर निसटेल हे त्याहून जास्त कळत होतं. मी तिचे दोन्ही दंड घट्ट धरून ठेवले आणि बघत राहिले. माझे हात दगडासारखे झाले होते. डोळ्यांसमोर फरशीवरच्या बिया होत्या.

"अम्मा! उचल! अम्मा!"

फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग लेक माझ्यासमोर होती, वाकलेली, जिला वाकायचं नव्हतं. तिनं टॉवेल बाळावर टाकला, माझी बोटं एकेक करून सोडवली, होय, तिला सोडवावी लागली, आणि बाळाला टॉवेलसकट उचलून हातावर पालथं घातलं, पाठीवर थोपटलं. एकदा, पुन्हा एकदा. मग ते रडलं. असं रडलं की शेजारीण पुन्हा भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारायला लागली.

लेकीला हे कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही अम्मा, तसंच करावंसं वाटलं." तिच्या एका टाक्यातून थोडं रक्त आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी येऊन दोघींना तपासलं आणि सांगितलं की तान्ही मुलं कधी कधी असा श्वास धरतात, काही झालेलं नाही, टाकाही भरून येईल. काही झालेलं नाही, असं नवराही म्हणाला. लेक तर माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. ती रागावली असती तर मी निदान भांडले असते, भांडण मला चांगलं येतं.

दोन दिवसांत घरी प्लॅस्टिकचा टब आला, आत बाळाला टेकायला मऊ उतार असलेला. टाके भरेपर्यंत ओल्या कपड्यानं पुसणं चाललं, मग लेक टब स्टुलावर ठेवून उभ्यानंच नातीला न्हाऊ घालायला लागली. तिला ते फार छान जमायचं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असायचे. पाण्याचा आवाज यायचा, लेकीची बडबड यायची, इंग्रजीत, मध्येच मराठीत, "झालं झालं, आत्ता टोपी, आत्ता झगा." बाळ रडत नसे. मला खरं सांगायचं तर हायसं वाटत होतं. आयाम्मा, सासूबाई, पायांवरचं न्हाणं, सगळं माझ्या न्हाणीघरात संपलं आणि मला हायसं वाटत होतं, हेच मला अजून नीट गिळता येत नाही.

पण भीती टबानं गेली नाही. मी बाळाला घेईनाशी झाले. कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून मी युक्त्या करत असे. हाताला पीठ लावून ठेवायचं, सर्दी झाली म्हणायचं, तिला पाळण्यात असताना ओरडून ओरडून खेळवायचं. नवऱ्याला काही समजलं नाही. तो तासन्‌तास तिला मांडीवर घेऊन पेपर वाचायचा, आणि मी त्याच्यासमोर बसून तिचं डोकं कुठे कलंडतंय का तेवढंच बघत राहायचे.

लेकीच्या जाण्याच्या दिवशी जावई बंगळूरहून गाडी घेऊन आले. सामान भरून झालं. ते नवऱ्याबरोबर पुढच्या चाकाची हवा बघत होते. लेक ओट्यावर उभी राहून चपलेत पाय घालत होती, पट्टा लागेना. तिनं न बघता बाळ माझ्यापुढे केलं. "अम्मा, धर जरा हिज."

माझे हात पाठीमागे गेले. मी काही ठरवलं नव्हतं, ते आपोआप गेले.

लेकीनं वर पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या खांद्यांकडे, हात कुठे गेले ते कळलं तिला. मला वाटतं तिला बऱ्याच दिवसांपासून कळलेलं होतं. ती ओट्याच्या कडेला बसली, बाळ मांडीवर ठेवलं आणि एका हातानं चपलेचा पट्टा लावला, वेळ लागला तिला. मग उठून माझ्याजवळ आली, बाळाला स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि त्याचा गाल माझ्या गालाला टेकवला.

"हात नक्को लावू तू," ती हळूच म्हणाली. "वास घे नुस्ता. मी धरून अहे."

मी वास घेतला. दुधाचा होता, आणि टबातल्या त्या साबणाचा. बाळानं माझ्या नाकाला ओलं तोंड लावलं.

गाडी सुरू झाली. लेक काच खाली करून हात हलवत राहिली, नवराही हलवत होता. मी ओट्यावर तशीच उभी होते, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाल्यावर मी ते पुढे आणून पाहिले. आता ते अगदी स्थिर होते.