न प्यायलेलं पाणी

माझी धाकटी जाऊ पळायला लागली ती माझ्यामुळे, आणि माझ्याहून चांगली पळायला लागली ती माझ्या नाकावर टिच्चून. मला डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं होतं. पहाटे दहिवलीच्या रस्त्यावर एकटीनं नको, म्हणून मी तिला सोबतीला ओढली. आठवडाभर ती माझ्या बरोबरीनं चालली. मग एके दिवशी दुपट्टा कमरेला घट्ट बांधून म्हणाली, ताई, तुमी या मागनं, आणि सुटलीच. वळणावर दिसेनाशी झाली. शाळेत असताना ती खो-खो खेळायची, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला तेव्हा कळलं.

जावा जावा, उभा दावा असं म्हणतात. आमच्यात कुरबुरी नव्हत्या असं नाही, पण पळताना भांडायला दम राहत नाही. शेजारच्या बायका दारात दात घासत विचारायच्या, काय गं, कोण लागलंय मागं? आम्ही हसून पुढं जायचो. काही महिन्यांनी ती भिवपुरीपर्यंत जाऊन परत यायला लागली. मी आपली अर्ध्यातून माघारी फिरून एखाद्या पुलाच्या कठड्यावर तिची वाट बघत बसायची.

पळायला निघण्याआधी आम्ही दोघीही पाणी प्यायचो नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तसं बघितलं तर सगळ्यांनीच शिकवलं होतं. मी खालापूर तालुक्यातल्या शाळेत शिकवते. तिथल्या बायकांच्या मोरीला दार आहे, कडी नाही. धाकटी कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथं संडास पार दुसऱ्या टोकाला, आणि उठून गेलं की सुपरवायझर घड्याळाकडं बघतो. म्हणून दोघी सकाळी घोटभर चहा घेऊन निघायचो आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्यावर तांब्या रिचवायचो. पळतानाही तेच. पूर्वी रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळ्या होत्या, आडोसा होता. आता तिथं बंगल्यांची कुंपणं आहेत आणि कुंपणावर कॅमेरे. पुरुषांचं काय, दिसेल ती भिंत त्यांचीच.

ऑक्टोबरात कर्जतला मोठी शर्यत होती. दिरांनीच तिचं नाव घातलं. बायको एकवीस किलोमीटर पळणार, हे त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं. मित्रांसाठी एकसारखे टी-शर्ट आणले. ते मित्रांबरोबर मोटरसायकलवरून तिच्या बाजूनं जाणार आणि मोबाइलवर तिचं शूटिंग करणार, असं ठरलं. त्यांना तिचं खरंच कौतुक होतं, हे मी कबूल करते. त्या आठवड्यात तिचा गुडघा दुखत होता. पण इतकं सांगून झाल्यावर आता माघार कशी घ्यायची, म्हणून तिनं मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. एक रात्री घेतली, एक पहाटे अनशापोटी.

मी दहा किलोमीटरच्या शर्यतीत होते, त्यामुळे सुरुवातीला आमचा रस्ता एकच होता, आणि गुडघा जपत ती माझ्याच बरोबरीनं पळत होती. सुरुवातीच्या जागी संडासाच्या दोन फिरत्या खोल्या उभ्या केल्या होत्या. त्यांच्यापुढं पुरुषांचीच रांग. धाकटीनं लांबूनच बघितलं आणि परत फिरली. पुढं रस्त्यात काहीच सोय नव्हती. पाण्याची टेबलं मात्र जागोजागी होती. प्रत्येक टेबलापाशी ती बाटली घ्यायची, तोंडाशी न्यायची आणि डोक्यावर, मानेवर ओतायची. मीही तेच करत होते, म्हणून त्यात मला वेगळं काही वाटलं नाही. उन्हं वर आल्यावर मात्र माझ्या पायांत गोळे यायला लागले. माझं अंतर संपलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

तिनं तिचं अंतर पूर्ण केलं. पदक गळ्यात घालून फोटो काढले. घरी आल्यावर कॉटवर आडवी झाली ती उठेचना. मांड्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या, हात लावला तरी कळवळत होती. घोटभर लिंबूपाणी पाजलं तेही उलटून पडलं. मग ती तुटक बोलायला लागली. पिठाची चक्की बंद केली का, असं तिनं मला दोनदा विचारलं. आमच्या घरी चक्की नाही. तेव्हा मात्र आम्ही घाबरलो आणि तिला उचलून गावातल्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की हिनं पाणी किती प्यायलं? दीर म्हणाले, भरपूर. धाकटीनंही डोळे मिटूनच मान डोलावली. दिरांनी मोबाइल पुढं केला. प्रत्येक टेबलाशी तिच्या हातात बाटली दिसत होती. व्हिडिओत बाटली दिसते, घोट दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, हल्ली पळणारे भीतीपोटी फार पाणी पितात, त्यानं अंगातलं मीठ उतरतं, मेंदूला सूज येते, माणूस असाच बरळतो. तसं असेल तर वरून आणखी सलाइन देणं धोक्याचं. तसं नसेल तर न देणं धोक्याचं. रविवार होता, रक्त तपासणीला पनवेलला पाठवावं लागणार होतं. तोवर त्यांनी सलाइन अगदी थेंब थेंब सोडलं.

थोड्या वेळानं तिनं मला खुणेनं बोलावलं. मी तिला धरून मोरीत नेलं. तिथं जे दिसलं ते मी पुन्हा वाकून बघितलं. ओंजळभरही नव्हती, आणि रंग कोऱ्या चहाचा. मी तिला विचारलं, सकाळपासून कधी झाली होती? म्हणाली, घरनं निघताना. आणि पाणी? तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कुठं जायचं व्हतं ताई मला? मागं ह्यांच्या मित्रांच्या गाड्या. कुनाला सांगू नका. पाळी लवकर आली आसंल."

पाळी नव्हती. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिला खाटेवर निजवून मी बाहेर आले. व्हरांड्यात सगळे जमले होते. माझा नवरा, दीर, एकसारख्या टी-शर्टातले त्यांचे मित्र, बाकावर सासूबाई. मधोमध डॉक्टर. मी म्हटलं, जरा इकडं येता का? डॉक्टर म्हणाले, बोला ना, सगळे घरचेच आहेत. सासूबाईंना काय ते कळलं असावं. त्यांनी माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाल्या, झाकली मूठ ऱ्हाऊ दे. मी बावीस वर्षं मास्तरकी केली आहे, पोरांना पचनसंस्था आणि उत्सर्जन संस्था फळ्यावर काढून शिकवली आहे. पण त्या व्हरांड्यात तो शब्द माझ्या तोंडून फुटेना. मग आत धाकटी पुन्हा चक्कीचं काहीतरी बोलली आणि मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, बहुतेक सगळ्यांचाच.

"डॉक्टर, तिनं पाणी प्यायलेलं नाही. सगळं डोक्यावर ओतलं. रस्त्यात बायकांना जायला जागा नव्हती म्हणून. पहाटेपासून तिला लघवी झाली नव्हती, आणि आत्ता झाली ती कोऱ्या चहासारखी."

मित्र जमिनीकडं बघायला लागले. दिरांचा चेहरा लाल झाला.

"वैनी, काय बोलताय? मी सोबत व्हतो तिच्या."

"तुम्ही मोबाइल धरला होता," मी म्हटलं.

डॉक्टरांनी दिरांकडं बघितलंही नाही. त्यांनी मला विचारलं, गोळी कसली घेतली होती का? मी गोळ्यांचंही सांगितलं. ते आत गेले आणि सलाइनची धार मोठी केली. मग गाडी बोलावता बोलावता मला भराभर समजावलं. अंगात पाणी नाही, ऊन, आणि एवढी मेहनत, यानं स्नायू फुटतात. त्यांच्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. ते वाहून न्यायला पाणी लागतं. वर त्या गोळीनं मूत्रपिंडाकडं जाणारं रक्तही आवळून धरलेलं. दोन्ही मूत्रपिंडं बंद पडू शकतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी विचारलं, पुन्हा सुरू होतात का? म्हणाले, बहुतेकांची होतात. बहुतेक हा शब्द पनवेलपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला नळी घातली आणि खाटेला पिशवी लावली. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जो शब्द ऐकून माणसं खाली बघत होती, त्याचीच चौकशी आता सगळे करत होते. दीर उठल्या उठल्या मला फोन करायचे आणि विचारायचे, वैनी, झाली का? माझा नवरा शेतावरून विचारायचा. सासूबाई कुणाला न विचारता खाटेपाशी वाकून पिशवीकडं बघायच्या आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसायच्या. पिशवीच्या तळाशी काळपट थर होता, तो वाढत नव्हता. मूत्रपिंडं किती बिघडलीत ते सांगणारा रक्तातला आकडा मात्र रोज चढत होता. तिच्या पापण्या सुजल्या, बोटातली अंगठी साबण लावून काढावी लागली. तहान लागली म्हणून ती पाणी मागायची, आणि मूत्रपिंडं बाहेर टाकत नव्हती म्हणून आता नर्स मोजून घोटभर द्यायची. मला ते बघवत नसे.

मग डॉक्टरांनी दिरांना बोलावून सांगितलं की उद्या सकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर डायलिसिसला घ्यावं लागेल. दीर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. हा माणूस बैलाच्या शिंगाला हात घालणारा, तो आता दोन्ही हातांनी कठडा धरून बसला होता. मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नव्हता. त्यांनी मला विचारलं, मला का नाय सांगितलं तिनं? एक शब्द बोलली आसती तर मी कुनाचं पन दार वाजवलं आसतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरंच दार वाजवलं असतं. पण त्यासाठी तिनं आधी मित्रांच्या घोळक्यात तोंड उघडायला हवं होतं, आणि आमच्या घरात तसं कोणत्या बाईनं कधी उघडलं होतं? मी एवढंच म्हटलं, तुम्ही तरी कधी विचारलंत? आणि मग मीही त्याच पायरीवर बसले.

सकाळी नर्सनं पिशवी बदलली आणि पुढच्या खाटेकडं गेली. सकाळचा आकडा अगदी थोडाच चढला होता, म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. दुपारी पिशवीत रंग जरा उतरलेला दिसला. मला वाटलं, मला हवंय म्हणून तसं दिसतंय. मी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि तिथंच खाटेच्या दांडीला डोकं टेकवून रडल्या. आकडा चढायचा थांबला. दुसऱ्या दिवशी उतरला. डायलिसिस लागलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. काही महिने रक्त तपासत राहायचं, तोवर पळणं बंद, पुढचं पुढं बघू. दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही. पाणी तहान लागेल तसं प्यायचं, धसक्यानं ढोसायचं नाही आणि तहान मारायचीही नाही. आणि लागली की जायचं, असं ते धाकटीकडं बघून म्हणाले. ती लाजली नाही. फार थकली होती, त्यामुळेही असेल.

दिरांच्या मित्राची जीप होती. पुढं तो, दीर आणि माझा नवरा. मागं सासूबाई, धाकटी आणि मी. धाकटीच्या मांडीवर पाण्याची बाटली होती आणि ती थोडं थोडं पीत होती. पनवेल मागं पडलं. चौक गाव यायच्या आधी तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि पाय जवळ घेऊन गप्प बसली. मला लगेच ओळखू आलं. ते बसणं मी रोज स्वतः बसते. घर अजून लांब होतं. मी तोंड उघडणार होते, पण उघडलं नाही. तिच्या वतीनं मी एकदा बोलले होते. आता ती बोलली नाही तर हॉस्पिटलातले ते सगळे दिवस फुकट, असं मला वाटलं, आणि तरी पुढच्या गावाची पाटी गेली तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. तेवढ्यात ती बोलली. आवाज बारीक होता, पण जीपमध्ये सगळ्यांना ऐकू गेला.

"गाडी थांबवा. मला लघवीला जायचंय."

मित्रानं गाणं बंद केलं. दीर सवयीनं म्हणाले, आता घर आलंच... आणि मध्येच थांबले. पुढं पेट्रोलपंप होता, तिथं त्यांनी गाडी घ्यायला लावली. बायकांच्या मोरीला कुलूप होतं. पंपावरच्या माणसानं सांगितलं की किल्ली मॅनेजरकडं, मॅनेजर जेवायला गेलेत. दिरांनी तिथं जो आवाज चढवला, तसा मी त्यांचा आवाज त्याआधी फक्त बांधाच्या भांडणात ऐकला होता. किल्ली आली. ती मुठीत धरून ते धावत जीपपाशी आले आणि धाकटीला हात देऊन खाली उतरवलं. मी तिच्यासोबत जायला निघाले, तर मला कोपरानं बाजूला सारून सासूबाई उतरायला लागल्या. सत्तरीची बाई, एका हातात लुगड्याचा घोळ, दुसऱ्या हातानं दार धरलेलं.

"थांब गं," त्या धाकटीला म्हणाल्या, "मला पन जायचंय. मी सकाळपासनं धरून बसलेय."

दीर किल्ली हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि आपल्या आईकडं बघत राहिले.